जामीनदार

माझे वडील ‘वडील’ होते. हे वाक्य आमच्या मंडळीबाहेर, म्हणजे चर्चच्या लोकांबाहेर, कुणाला सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो. मग मला खुलासा करावा लागतो, की पहिले वडील म्हणजे बाबा आणि दुसरे वडील म्हणजे चर्चमधलं पद. आमचा ख्रिस्ती पंथ प्रेस्बिटेरियन, त्या नावाचं मूळच ते. ग्रीकमध्ये ‘प्रेस्बुटेरॉस’ म्हणजे वयानं मोठा माणूस, आणि मराठी शास्त्रात (बायबलला आमच्याकडं शास्त्रच म्हणतात) त्याला शब्द वापरलाय ‘वडील’. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकात धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी बिशप नको म्हणून ठरवलं. मंडळीनं आपल्यातलीच चार शहाणी माणसं निवडायची, त्यांनी पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, बरोबरीनं बसून कारभार बघायचा. म्हणजे आपल्याकडच्या पंचांसारखंच.

आमचे बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर. आठवडाभर लेथवर उभं राहायचं, आणि रविवारी पांढरा सदरा घालून प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घ्यायच्या भाकरीचं, ताट धरायचं. शनिवारी रात्री ते रॉकेलच्या बोळ्यानं नखं घासत बसायचे, तरी कडेची काळी रेघ जायची नाही. त्या काळ्या रेघेच्या बोटांनी धरलेल्या ताटात पांढऱ्या पावाचे चौकोनी तुकडे, हे चित्र माझ्या डोक्यात ‘चर्च’ या शब्दासमोर कायमचं चिकटलेलं आहे.

कोल्हापुरात हे प्रेस्बिटेरियन प्रकरण आलं त्याची सुरुवात 1852 साली. रॉयल गूल्ड वायल्डर नावाचा अमेरिकन मिशनरी बायकोला घेऊन अहमदनगरकडून इथं आला आणि शाळा काढत राहिला. 1870 मध्ये त्याचं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीकडं गेलं. पुढं पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज, इस्लामपूर, निपाणी, वेंगुर्ला असं ते पसरलं. शहरातल्या वायल्डर मेमोरिअल चर्चला नाव त्याचंच. त्याचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढं अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना मिशनरी व्हायला लावणारी मोठी चळवळ त्यानं उभी केली. पण ते तिकडचं. इकडं 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र झाल्या, 1970 मध्ये आणखी मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, बिशपही आले. पाट्या बदलल्या. आमच्या घरात बोलताना मात्र आम्ही प्रेस्बिटेरियनच राहिलो आणि वडील वडीलच.

माझा आजा कोडोलीकडचा. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. तो ख्रिस्ती का झाला याचं उत्तर देवळातल्या पायरीत आहे की मिशनच्या शाळेत, की खरंच त्याला कुठं काही दिसलं होतं, हे मला कधीच कळलं नाही. लोक हा प्रश्न मला विचारतात तेव्हा त्यांना एकच कारण हवं असतं. माणूस एका कारणानं गाव सोडत नाही, देव कुठला सोडेल?

प्रार्थना मी शिकले ती आज्जीकडून, आणि तिथं पहिली गंमत भाषेची. आज्जी दिवसभर अस्सल कोल्हापुरी बोलायची. ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच, इथल्या सगळ्या बायकांसारखं. खरं डोळे मिटले, की तिची भाषा एकदम इस्त्रीची व्हायची. ‘हे कृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही अपात्र लेकरे तुझ्या चरणी येतो.’ येतो हे तेवढं दोन्हीकडं सारखं. ही शास्त्राची भाषा होती. मराठीत नवा करार पहिल्यांदा छापला गेला तो 1811 मध्ये, तिकडं बंगालात श्रीरामपूरला. नंतर कितीदा तरी तो सुधारला गेला, पण त्या भाषेला एक वास राहिलाच, पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखा. ‘धन्यवादित’, ‘सर्वसमर्था’, ‘आपणांस’. वारणाकाठच्या निरक्षर बाईनं हे शब्द ऐकून ऐकून कमावले होते, आणि देवापुढं जाताना ती ते ठेवणीतले काढायची.

एकदाच मी तिला दुसऱ्या भाषेत प्रार्थना करताना ऐकलं. बाबांचा हात लेथमध्ये सापडल्याचा निरोप आला त्या दुपारी. आज्जी चुलीपुढं तशीच बसली होती, परातीत मळलेलं पीठ होतं. डोळे उघडेच. ती म्हणाली, “देवा, तेचा हात हाय तो. तेच्यावर सात तोंडं हायत. मला काय सुचंना झालंय. तूच बघ बाबा आता.” आणि थोड्या वेळानं, विसरल्यासारखं, “आमेन.”

हात वाचला, करंगळीचं टोक गेलं. आज्जीनं पुढच्या रविवारी पुन्हा इस्त्रीच्या भाषेत आभार मानले.

दुसरी गंमत ‘तू’ची. आमच्या घरात बाबांना ‘तुम्ही’. आईला ‘तू’. चर्चमधल्या वडिलांना ‘तुम्ही’, पाळकसाहेबांना तर ‘आपण’. पण स्वर्गातल्या पित्याला ‘तू’! बापाला ‘अरे’ म्हणायची सोय आमच्या आयुष्यात फक्त प्रार्थनेतच होती. विठोबाशी भांडणाऱ्या तुकोबांच्या भाषेत हे नवल नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक सांगायचे, की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. आणि त्यांची पदं पेटी-झांजेवर रंगली की आमचं चर्च बाहेरून भजनी मंडळच वाटतं. शेजारच्या काकू तर म्हणायच्या, “तुमच्यात लई ग्वाड म्हणत्यात. हरिपाठागत.”

आमच्याकडं छापील प्रार्थनांना फारसा मान नाही. कुणीही उठून आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. ‘आता अमुक बंधू आपल्याला प्रार्थनेत चालवतील’ असं म्हणतात, आणि ते बंधू खरंच चालवत न्यायचे, पार शिये नाक्यापर्यंत. लहानपणी आम्ही पोरं एक डोळा किलकिला करून कोण किती वेळ घेतो ते मोजायचो. या प्रार्थनांत देवाला बातम्या सांगायची पद्धत आहे. कोण आजारी, कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाला पेन्शन सुरू झाली नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीपाशी हायवे बंद होता, उपसा केंद्रं बुडाल्यामुळं सगळ्या शहराच्या नळाला पाणी नव्हतं. अशात गल्लीतल्या एका गच्चीवर आम्ही सात-आठ जण जमलो, तेव्हा एका वृद्ध वडिलांनी प्रार्थनेत सांगितलं, “प्रभू, राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी 43 फूट आहे आणि पाणी 55 च्या वर गेलंय, हे तुला ठाऊकच आहे.” मला हसू आवरेना. नंतर वाटलं, ठाऊक असलेल्यालाच तर माणूस पुन्हा पुन्हा सांगतो. अनोळख्याला कोण सांगत बसतंय?

आता मूळ गोष्टीकडं येते. इतका वेळ टाळत होते.

1994 साली मंडळीतल्या एका गृहस्थांनी टेम्पो घेण्यासाठी एका पतसंस्थेतून साठ हजारांचं कर्ज काढलं. त्यांना मी इथं पेटीवाले काका म्हणेन, कारण चर्चमध्ये पेटी तेच वाजवायचे, आणि अशी वाजवायचे की टिळकांच्या पदाला दोन सूर जास्तीचे मिळायचे. जामीनदार म्हणून त्यांनी बाबांना विचारलं. बाबा वडील होते. नाही कसं म्हणणार?

टेम्पो वर्षभर पळाला, मग कागलजवळ उलटला. काका काही महिने कोल्हापुरातून गायब झाले. पतसंस्थेचा माणूस आमच्या दारात आला. पुढं सात वर्षं, महिना 1150 रुपये, बाबांच्या पगारातून गेले. पगार तेव्हा तीन हजारांच्या आसपास होता. आईच्या पाटल्या गुजरीत, सराफाकडं, गेल्या. ती एका मेसला चपात्या करून द्यायला लागली, पहाटे चारपासून, शंभर-शंभर. मला बी. फार्मसीला जायचं होतं. मी कॉमर्सला गेले. हे सांगताना मी अजूनही आवाज सपाट ठेवते, ते बघा.

काका परत आले. त्यांनी पैसे दिले नाहीत. सुरुवातीला ‘देतो, देतो’ म्हणाले, मग तो विषय निघायचाच बंद झाला. ते पुन्हा पेटीवर बसायला लागले. वसुली, जप्ती, भांडण काहीच झालं नाही. बाबांनी होऊ दिलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. आमच्याकडं लोक वेदीपाशी जात नाहीत, जागेवरच बसतात, आणि वडील ताट घेऊन प्रत्येक बाकाशी येतात. आधी भाकर, मग द्राक्षरसाचे बोटाएवढे पेले. पेटीवाले काका पुढच्या रांगेत, कडेला. बाबांची बाजू तीच. म्हणजे शुक्रवारी हप्ता कापून आलेल्या पगाराचं पाकीट घरात ठेवून, रविवारी बाबा त्या माणसापुढं ताट धरायचे. काका खाली बघत तुकडा उचलायचे. मी बाबांच्या हाताकडं बघायचे. हलतोय का? करंगळीचं तुटकं टोक ताटाच्या कडेला टेकलेलं असायचं. हात हलायचा नाही.

आणि त्यानंतर प्रभूची प्रार्थना. ही मात्र छापील, सगळ्यांनी मिळून म्हणायची. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो.’ मी आईशेजारी उभी असायचे. आईचा आवाज बारीक पण खणखणीत. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ इथं ती थांबायची. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड,’ ही ओळ ती गाळायची. ओठ मिटलेले. सगळं चर्च ती ओळ म्हणून पुढं जायचं आणि आई ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ला पुन्हा चालत्या गाडीत चढल्यासारखी त्यांच्यात शिरायची.

पहिल्यांदा मला वाटलं, खोकला आला असेल. मग लक्षात आलं, की दर वेळी तिथंच. मी कधी विचारलं नाही. बाबांनाही ते माहीत असणार. घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही चौघंच असायचो, आणि चारातला एक आवाज बंद पडला की कळतंच. तेही कधी बोलले नाहीत.

इथं थोडं विषयांतर. इंग्रजी प्रार्थनेत या एका ओळीवरून चर्च ओळखता येतं. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे लोक, ‘अपराध’ या अर्थाचा शब्द म्हणतात; 1549 च्या त्यांच्या प्रार्थनापुस्तकापासून तो चालत आलाय. प्रेस्बिटेरियन मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानाला (शास्त्रातल्या येशूच्या एका चरित्राला) धरून ‘कर्जं’ म्हणतात. स्कॉटिश माणूस हिशेबाला पक्का, त्यामुळं असेल, असा एक विनोद आहे. पण येशू जी अरामी भाषा बोलत असे, तिच्यात ‘होबा’ या एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत, पाप आणि कर्ज. मराठी शास्त्रानं मत्तयात ‘ऋण’ ठेवलं. अपराध म्हटलं असतं, तर आईला कदाचित म्हणता आलं असतं. अपराध हा शब्द जरा लांबून जातो. ऋण म्हटलं की 1150 रुपये दिसतात.

आणि ‘ऋण सोडणे’ हे मराठीच नव्हे! हे माझ्या लक्षात आणून दिलं माझ्या ऑफिसातल्या सहकारी बाईंनी. नियतीची थट्टा म्हणा, मी गेली एकवीस वर्षं एका पतसंस्थेत आहे, आणि त्यातली बारा वसुली विभागात. (ती पतसंस्था नव्हे, दुसरी.) एकदा डबा खाताना प्रार्थनेचा विषय निघाला. त्या दर मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईला जातात. मी ती ओळ म्हणून दाखवली तर त्यांचा घास हातात राहिला. “ऋण सोडायचं कसलं? ऋण फेडायचं असतंय. नवस फेडतात, पांग फेडतात, ऋण फेडतात. तुमच्यात नवस नसतोय काय?” नाही, म्हटलं. “मग देवाला बांधून कसं घेता?”

या प्रश्नावर मी बरेच दिवस चघळत होते. खरंच, मराठी माणसाचा सगळा पीळ फेडण्यात आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण, जन्मतःच तीन खाती उघडलेली. आणि फेडता येत नसेल, तर आपण तेही मोठ्या प्रेमानं सांगतो, ‘मला तुमच्या ऋणातच राहायला आवडेल.’ सत्काराच्या भाषणात हे वाक्य नसेल, तर चहा मिळत नाही. सोडण्याची भाषा आपल्याकडं आहे ती सरकारी, कर्जमाफीची. तिथंही शेतकरी नेते म्हणतात, माफी कसली, आम्ही काय गुन्हा केलाय? मुक्ती म्हणा. 2019 च्या योजनेचं नाव म्हणूनच ‘कर्जमुक्ती’ ठेवलं गेलं असावं, दोन लाखांपर्यंतची. गुन्हा की बोजा, हा अरामी ‘होबा’चाच घोळ, विधानसभेत.

माझं काम सांगते. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत. मग फोन, मग नोटीस, मग सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज. आमच्या बोलीत ‘एकशेएक केलं.’ ‘त्याचं एकशेएक झालं का?’ असं आम्ही, ताप उतरला का, या सुरात विचारतो. आणि पहिला फोन बऱ्याचदा मी जामीनदाराला लावते. कर्जदार फोन उचलत नाही, जामीनदार उचलतो. जामीनदार हा बहुधा सरळ माणूस असतो. म्हणूनच तो जामीनदार झालेला असतो. “मॅडम, मी फक्त सही केली हो,” असं तो म्हणतो, आणि मी शांतपणे सांगते, की सही केली म्हणजे कर्ज तुमचंही झालं. हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल. सोमवार ते शनिवार हे, आणि रविवारी ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’. मी काय पतसंस्थेची मालकीण नव्हे, सोडायचा अधिकार मला नाही, अशी समजूत मी घालून घेतलेली आहे. ती पुरते कधी कधी.

शास्त्रात जामिनाबद्दल दोन तऱ्हेची वचनं आहेत. नीतिसूत्रांत शलमोन घसा फोडून सांगतो, परक्यासाठी जामीन राहू नकोस, हातावर हात मारू नकोस, तुझ्या अंगाखालचं अंथरूण काढून नेतील. अगदी आमच्या वसुली अधिकाऱ्यासारखं. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात येशूबद्दल म्हटलंय, की तो अधिक चांगल्या कराराचा जामीन झाला आहे. जामीन! हाच शब्द. मी पहिल्यांदा तो नीट वाचला तो ऑफिसात, एका थकबाकीदाराची वाट बघत असताना, मोबाइलवर. पाळकांच्या तोंडून ‘तारणारा’, ‘मेंढपाळ’, ‘कोकरा’ असं आयुष्यभर ऐकलं होतं. मेंढपाळ मी फक्त पावसाळ्याअखेरीस रस्त्यावरनं जाताना बघितलेत. जामीनदार मात्र मी बघितलेला होता. मेसच्या चपात्यांच्या वासात, नखं घासत बसलेला.

आई 2015 मध्ये गेली. आजार लांबला होता. शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेब येऊन गेले, आम्ही खाटेभोवती उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हटली. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आत वाफ धरत होती. ओठ हलत होते. ती ओळ आली तेव्हाही हलत होते की नव्हते, हे मी वाकून बघितलं. हो, बघितलं. आईचा श्वास मोजायचा सोडून मी ते बघत होते. वाफेमुळं दिसलं नाही.

मंडळीत लहानपणी आम्हांला जुनी प्रश्नोत्तरी शिकवायचे. वेस्टमिन्स्टरची, 1647 सालची, तिच्यात 107 प्रश्न. अठ्ठ्याण्णवावा प्रश्न, प्रार्थना म्हणजे काय? उत्तराचा गाभा असा, की देवाच्या मर्जीत बसणाऱ्या गोष्टींबद्दलच्या आपल्या इच्छा ख्रिस्ताच्या नावानं त्याच्यापुढं मांडणं, पाप कबूल करून आणि त्याच्या दयेचे आभार मानून. पाठांतर म्हणून हे घडाघडा म्हटलं होतं. आईच्या नंतर त्यातला ‘इच्छा’ हा शब्द अडला. जी इच्छाच नाही, ती मांडायची कशी? मंडळीत तीनशे माणसं ती ओळ म्हणत होती, त्यांतल्या कितींची तशी इच्छा होती, देव जाणे. पण आईला ती नव्हती आणि ती नाही हे ती दर रविवारी, देवासमोर, न चुकता कबूल करत होती. मला वाटतं, ती त्या चर्चमधली सगळ्यात काटेकोर प्रेस्बिटेरियन होती. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते हसले, आणि ‘असं नसतं हो ताई’ म्हणाले. असू दे.

बाबा आता एक्क्याऐंशीचे आहेत. लेथच्या आवाजानं डावा कान गेला, उजवा अर्धा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शास्त्राची शिवण सुटली म्हणून बाइंडिंगला द्यायला मी ते घेतलं, तर मत्तयाच्या सहाव्या अध्यायापाशी पानाच्या कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा. चार उभ्या आणि एक आडवी, अशा जुड्या. बाराव्या वचनाच्या, म्हणजे ऋणाच्या त्याच ओळीच्या, शेजारून सुरू होऊन खालच्या समासात उतरलेल्या. मी मोजल्या. चौऱ्याऐंशी.

माझ्या घशात काहीतरी आलं. दर महिन्याला हा माणूस या वचनापाशी बसून एकेक रेघ सोडत होता, असं मला वाटलं. येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, म्हणतो, सात वेळा नव्हे, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर. मनात मी त्याचा लेख लिहायलाही घेतला होता. शास्त्र घेऊन त्यांच्या उजव्या कानापाशी गेले. विचारलं, बाबा, या रेघा कसल्या?

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “हप्त्याच्या.”

“इथं का मारल्या?”

“पावत्या हरवायच्या. शास्त्र काय हरवत न्हाई.”

“खरं, ह्याच पानावर का?”

“मग? दुसरीकडं मारून आठवणार कशा?” आणि मग, मी नुसतीच बघत उभी राहिले म्हणून, “एकदा त्यांनी हप्ता दोनदा धरला होता. ह्या रेघांमुळं सापडला. बाराशेला एक पन्नास कमी, काय कमी न्हवतं तवा.”

म्हणजे क्षमेच्या वचनाशेजारी बाबांनी हिशेब ठेवला होता. रीतसर, टॅली मारून. लेथवर नग मोजायचे तसा.

गेल्या डिसेंबरात, नाताळाच्या आदल्या आठवड्यात, बाबा म्हणाले, पेटीवाल्याकडं जाऊया. काकांना पक्षाघाताचा झटका येऊन वर्ष झालंय. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पाळकसाहेब त्यांना घरी प्रभुभोजन द्यायला जाणार होते, आणि सोबत एक वडील लागतो. बाबा कधीच निवृत्त झालेत, तरी म्हणाले, मीच जातो. मी म्हटलं, रिक्षा बोलावते. “रिक्षा कशाला? तुझी गाडी हाय की.” म्हणजे मी पण.

राजारामपुरीतलं दोन खोल्यांचं घर. खाटेवर काका, उशांना टेकवलेले. कोपऱ्यात पेटी, वर क्रोशाचं फडकं, त्यावर औषधांचा डबा. काकूंनी मला बघितलं आणि त्या आत गेल्या. पातेल्यांचा आवाज जरा जास्तच वेळ येत राहिला. पाळकसाहेबांनी छोटी पेटी उघडली, त्यात चार पेले, एक डबी. वचन वाचलं. बाबांनी डबी धरली. काकांचा डावा हात थरथरत पुढं आला, तुकडा धरता येईना, तेव्हा बाबांनी तो त्यांच्या तोंडात घातला. तसं आमच्यात करत नाहीत. पाळकसाहेबांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

मग पाळकसाहेब म्हणाले, “आता ताई आपल्याला प्रार्थनेत चालवतील.”

मला इतक्या वर्षांत चारचौघांत उठून प्रार्थना करायची सवय नाही असं नाही. खरं, त्या दिवशी इस्त्रीची भाषाही येईना आणि आज्जीचीही येईना. मी डोळे मिटले. ‘हे कृपाळू’ एवढं म्हटलं. पंख्याचा आवाज येत होता. शेवटी जे पाठ होतं, ते सुरू केलं. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या.’

बाबा ऐकू येत नसल्यामुळं मोठ्यानं आणि एक शब्द पुढं. पाळकसाहेब माझ्याबरोबर. काकू दारात येऊन उभ्या राहिलेल्या, त्यांचा आवाज मागून. आणि ‘तुझे राज्य येवो’पाशी अजून एक आवाज आला. जाडसर, घरंगळलेला, खरं शब्द ओळखू येत होते. वर्षभर ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं, तो प्रार्थना म्हणत होता. डॉक्टर लोक सांगतात, की झटक्यानंतर बोलणं गेलं तरी पाठ असलेली गाणी, प्रार्थना, आकडे कधी कधी शाबूत राहतात, ते मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात. मला ते माहीत होतं. तरी मी डोळे उघडले.

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ काका माझ्याकडं बघत नव्हते, पेटीकडं बघत होते. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’ बाबांचं म्हणून झालं, काकांचं त्यांच्या मागोमाग, जिभेवरनं एकेक शब्द ढकलत, आणि लय मात्र चर्चमधली होती तीच, ‘ऋण’वर किंचित थांबून. मी ऐकत राहिले. त्या ओळीला माझा आवाज त्यांत होता की नव्हता, हे मला आज विचाराल तर सांगता येणार नाही. ‘परीक्षेत आणू नकोस’ म्हटल्याचं नक्की आठवतं.

काकूंनी चहा आणला. कुणी फारसं बोललं नाही. निघताना बाबांनी काकांच्या डाव्या हातात हात दिला आणि सलाम म्हणाले, रविवारी म्हणतात तसंच.

गाडीवर मागं बसल्यावर बाबा बराच वेळ गप्प. माउली पुतळ्याच्या चौकात सिग्नल लागला, तेव्हा माझ्या खांद्याशी तोंड आणून, आपल्याला ऐकू येत नाही म्हणून जगालाही येत नाही अशा आवाजात म्हणाले,

“सूर सोडला न्हाई गड्यानं अजून.”

बाजूच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं. सिग्नल सुटला.